वल्ह्याचं दुसरं टोक

“धर गं पोरी, मी आहे इकडे!”

रंधा मारता मारता तिला अजून तो आवाज ऐकू यायचा. बाबांचा. नदीकाठच्या त्या शेडमध्ये दोघं मिळून वल्ही घडवायची. बाबा गेले, आणि संध्याकाळी दार ओढून घेताना ‘चल, आटप’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

अशात एका दुपारी तो आला. शब्दकोशाच्या कचेरीतला. लाकडाच्या ढलप्यांत बूट रुतवून म्हणाला, “वल्हं म्हणजे काय?”

ती खुदकन हसली. “नाव पुढं नेतं ते! एवढ्यासाठी नदीपर्यंत पायपीट केलीत?”

“अर्थ ठाऊक आहे हो. उपयोग हवेत… सगळे.”

सगळे! तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. सगळे आजच सांगितले, तर हा उद्या कशाला येईल?

“एका दिवशी एकच मिळेल. आमच्याकडे असंच असतं.”

आमच्याकडे… म्हणजे तिच्या एकटीकडे.

मग तो येतच राहिला. वल्ह्यानं धक्क्यापासून नाव ढकलतात, पाण्याची खोली बघतात, वाहून चाललेली टोपीसुद्धा ओढून घेतात — ती सांगायची, तो ऐकायचा. तो गेला की शेड आणखीच मोठी वाटायची.

शेजारची मावशी कुंपणावरून म्हणालीच, “शब्द एक, आणि चकरा किती गं!”

ती लाजली. आता एकच उपयोग उरला होता. तो सांगितला की संपलं.

“आज कुठला?” त्यानं विचारलं.

“आज… काही नाही. संपले.”

तो वल्ह्याच्या पात्यावरून नुसतं बोट फिरवत राहिला. “रागावणार नसाल तर सांगतो. तो शब्द… केव्हाच छापून झाला.”

“अहो, मग रोज विचारत काय होतात?”

“नुसतं ‘या’ असं तुम्ही कुठं म्हणाला होतात?”

तिनं एक वल्हं उचललं. बाहेर जाऊन नावेत उतरली. तो मागोमाग आला, पण डुलणारी नाव बघून काठावरच घुटमळला.

तिनं वल्हं त्याच्यापुढं केलं.

“एक राहिलाय. मुद्दाम लपवला होता… आपल्या माणसाला नावेत घेताना वल्हं असं पुढं धरतात. लहानपणी बाबा मला असंच घ्यायचे.” तिनं वल्ह्याचं दुसरं टोक त्याच्या हाताशी नेलं.

“धरा ना… मी आहे इकडे.”