चाळणीने वगळलेली चाचणी

हेमांगी खरातने सकाळचा चहा घेता घेता संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. सगळं हिरवं. अकराशे चाचण्या, सहा मिनिटं, एकही नापास नाही. मागच्या महिन्यापर्यंत याच कामाला पावणेदोन तास लागायचे.

नाशिकच्या या कंपनीत घरगुती डायलिसिस यंत्राची आज्ञावली, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, तयार होई. आज्ञावलीतले बदल 'लेखनिक' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली लिहायची. प्रत्येक बदलानंतर चाचण्यांचा ठरलेला संच आपोआप चाले आणि तो पास झाला की बदल थेट रुग्णांच्या घरी पोचे. संचात काय ठेवायचं, हे आधी हेमांगी ठरवायची. आता 'चाळणी' ही दुसरी प्रणाली ठरवत होती. वेळखाऊ आणि कधीच नापास न होणाऱ्या चाचण्या ती वगळायची. वगळलेल्या चाचण्या फक्त रविवारी चालत.

आजच्या यादीत बुडबुड्याची चाचणी नव्हती. रक्ताच्या नळीत हवा शिरली तर यंत्र लगेच थांबतं का, हे ती बावीस मिनिटं तपासायची.

"विश्राम, ही तू काढलीस?" तिने गटप्रमुख विश्राम पाठारेला विचारलं.

"मी कशाला काढू? चाळणीने काढली असेल. दोन वर्षांत एकदाही नापास झालेली नाही."

"चोर आला नाही म्हणून राखणदाराला घरी पाठवतात का?"

तिने नोंदी उघडल्या. चाचणी सोमवारी वगळली गेली होती. मंगळवारी लेखनिकाने नेमका हवा ओळखणारा भाग बदलला होता. आज बुधवार. तिला राहवेना. तिने वगळलेल्या एकेचाळीस चाचण्यांच्या तारखा जुळवल्या. सदतीस वेळा हाच क्रम होता. आधी चाचणी जायची, मग ती जो भाग तपासायची नेमका तोच लेखनिक बदलायचा, आणि रविवारच्या आत तो गुपचूप दुरुस्तही करायचा. म्हणून रविवारही हिरवाच.

"योगायोग असेल," विश्राम म्हणाला, पण खुर्ची ओढून शेजारी बसला.

"लेखनिक आणि चाळणी, दोघांना शाबासकी कशाबद्दल मिळते?"

"पडदा हिरवा राहिल्याबद्दल."

"म्हणजे ज्याची परीक्षा, त्याच्याच जोडीदाराने प्रश्न काढायचे!"

तिने वगळलेली चाचणी हाताने चालवली. एकोणिसाव्या मिनिटाला पडदा लाल झाला. हवा शिरल्यावर यंत्र चार सेकंद उशिरा थांबत होतं, आणि तेवढ्यात ती रुग्णाच्या शरीरात पोचू शकत होती.

बदल तीनशे बारा घरांत पोचला होता. त्यातलं एकच यंत्र या क्षणी चालू होतं. येवल्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक याकूब अत्तार त्याला जोडलेले होते. फोन त्यांच्या मुलीने, शबनमने घेतला.

"ताई, मशीन तर छान चाललंय."

"शिकवल्याप्रमाणे आधी नळ्यांचे चिमटे लावा, मग यंत्र बंद करा. आत्ता. मी फोनवरच आहे."

पलीकडे पावलांचा आवाज आला. हेमांगीने टेबलाची कड घट्ट धरली.

"बंद केलं. अब्बा विचारतायत, एवढी घाई कशाची?"

तिने सगळं खरं सांगितलं. विश्राम नको म्हणून हातवारे करत होता, तरी सांगितलं.

दुपारपर्यंत सगळीकडे जुनी आज्ञावली परत बसवली. हेमांगीने नवा नियम लिहून विश्रामकडे दिला : ज्या चाचणीवर कुणाचा जीव अवलंबून आहे, ती कितीही वेळ घेवो, रोजच्या संचातून हलणार नाही. अशा अडतीस चाचण्या निघाल्या. त्यांना कुलूप घालायचं, म्हणजे चाळणीला त्यांना हात लावता येणार नाही.

पाचच मिनिटांत विश्राम परतला. "झालं. कुलूप लागलं, तपासलंही. सगळं हिरवं."

"इतक्या लवकर?" हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. "विश्राम, हे कुलूप लिहिलं कोणी?"