किल्ल्याच्या तळघरातला विनोद

दार लोटून घ्या आणि नीट ऐका. ही ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे.

साडू नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात गाइड होता. लोक तिकीट काढून यायचे. हा त्यांना बुरूज, धान्याचं कोठार दाखवायचा आणि शेवटी तळघरात न्यायचा. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी किल्ल्याला वेढा पडला, धान्य संपत आलं. तेव्हा किल्लेदारानं आसऱ्याला आलेल्या गावकऱ्यांना, पोराबाळांसकट, त्या तळघरात कोंडलं आणि पाणदरवाजा उघडून नदी आत सोडली. खाणारी तोंडं कमी. एवढं सांगून साडू डोळा मारायचा, "पण शेवटची आंघोळ फुकटात झाली बरं का!"

लोक खो खो हसायचे. मला मात्र ते पटायचं नाही. एकदा बोललोही. "अहो, लोकांना हेच लागतं," म्हणाला.

गेल्या एकोणीस नोव्हेंबरला, बुधवारी, किल्ला बंद झाल्यावर, दुपारी तो बघून गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. कानाचं मशीन तळघरात पडलं होतं. पावणेसातला साडू टॉर्च घेऊन उतरला.

मशीन खालच्या पायरीवरच होतं. उचललं, तर ते... ओलं. बुळबुळीत. तळघर तर वर्षानुवर्षं कोरडं ठणठणीत.

मग वास आला. मेलेल्या माशांचा, कुजलेल्या कपड्यांचा. नाक दाबलं, तर तोंडात उतरला.

आणि अंधारातून कुणीतरी म्हणालं, "सांगा ना."

"क... कोण आहे?"

"ते... हसण्याचं."

साडू एक पायरी मागं सरला.

"सांगा..." आता बरेच आवाज. घशात गाळ भरल्यासारखे.

त्यानं सांगितलं. तेच वाक्य. त्याच सुरात.

कुणीच हसलं नाही.

मग काहीतरी गार, लिबलिबीत... त्याच्या ओठांना लागलं. बोटं होती. तोंड उघडत होती...

थांबा. जरा पाणी द्या मला.

पहारेकऱ्याला तो पायरीवर पडलेला सापडला. कपडे कोरडे. पण तीन दिवस दवाखान्यात ओकत होता. काळा, चिकट गाळ. बादली मी धरली होती, या हातांनी. तो वास अजून जेवताना येतो. "माझीच घाण आहे ही," तो रडत म्हणाला. पुन्हा किल्ल्याकडे फिरकला नाही.

चौथ्या दिवशी शेवटची उलटी झाली. बादलीत टण्णकन काहीतरी वाजलं. डॉक्टरांनी चिमट्यानं उचललं, धुतलं, उजेडात धरलं.

दात होता. साडूचे सगळे शाबूत.

डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "दुधाचा आहे..."