बेटाकडची बुडती वाट

सकाळी आठच्या सुमारास समुद्राने बेटावर जाणारी दगडी वाट गिळायला सुरुवात केली. त्या वाटेवर तेव्हा दोघीच होत्या: वहिनी आणि तिची धाकटी नणंद.

पाठीवर सॅक घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने चालत दोघी आदल्या दिवशी या जुन्या बंदराच्या गावात पोचल्या होत्या. अरुंद, चढउताराच्या गल्ल्या, निळ्या झडपांच्या खिडक्या, समुद्रात पाय सोडून बसल्यासारखी तटबंदी आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली घरं. गाव पाहताक्षणी आवडलं. पण नणंदेचा जीव अडकला तो समोरच्या बेटावरच्या पडक्या दीपगृहात. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, एवढं तिने विचारून घेतलं. भरती कधी, हे मात्र दोघींनीही विचारलं नाही. डोंगरात हिंडलेल्या बायका त्या. पाणी यायचं ते वरून, असाच त्यांचा हिशेब!

अर्ध्या वाटेत पाणी बुटांवरून गेलं.

"मागे फिर!" वहिनी म्हणाली. शंका आली की आलेल्या वाटेने परत, हा तिचा डोंगरातला नियम.

इथे नेमका तोच अंगाशी आला. वाट बेटाकडे उंच होती आणि गावाकडे खोलगट. घोटे. गुडघे. कंबर! तटबंदी समोर आली, पण तिच्या पायऱ्या केव्हाच बुडाल्या होत्या.

"वहिनी, मला पोहता येत नाही गं!"

"माहीत आहे. सॅक सोड!"

"अगं, कॅमेरा आहे त्यात..."

"सोड म्हणते ना!"

पट्टे सुटले. लाट आली. नणंदेचे पाय उचलले गेले! वहिनीने हाताला लागली ती कॉलर घट्ट धरली आणि वर पाहिलं. भिंतीत लोखंडी कड्या होत्या, जहाजं बांधायच्या, एकीवर एक. तिने एक पकडली. गंजकी, पण पक्की!

"पाय माझ्या खांद्यावर. चढ!"

"आणि तू?"

"येते मागून. तोंड बंद आणि चढ!"

नणंद चढली. वहिनीच्या हनुवटीला पाणी लागलं, तेवढ्यात वर तटाला टेकलेल्या घराची एक खिडकी उघडली. गालांना दाढीचा फेस लावलेले एक गृहस्थ क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी वाकून नणंदेला आत ओढलं आणि कड्या धरत मागून चढलेल्या वहिनीला दोघांनी मिळून.

"दार पलीकडे गल्लीत आहे हो," धापा टाकत ते म्हणाले.

दोघी फरशीवर बसून हसत सुटल्या. हसता हसता नणंद रडायला लागली. वहिनीने तिला कुशीत घेतलं.

"दादाला सांगशील?"

"तूच सांग. लाडकी बहीण ना तू!"

दुपारी ओहोटी लागली, वाट पुन्हा उघडी पडली. दीपगृहाचं नाव कुणी काढलं नाही. मग वहिनीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या राहिलेल्या मोबाइलवर दादाचाच फोन आला, गाव कसं आहे विचारायला.

"फार छान," नणंद म्हणाली. "माणसं अगदी हात धरून घरात घेतात."

संध्याकाळपर्यंत तरी दादाला याहून जास्त काही कळलेलं नव्हतं.