निळ्या झाकणातली गाभण

तर झालं असं की शिवकन्यानं मायक्रोस्कोपच्या दुकानात काउंटरवर बाटली ठेवली, पिशवीत काहीतरी शोधायला मान खाली घातली, अन् दुकानातल्या पोरानं बाटली उघडून सरळ तोंडाला लावली.

असा ठसका लागला त्याला... बाटली सुटली, सगळं पाणी फरशीवर.

"लई खारं हाय ओ. बोरचं का?"

"मीठ घालून समुद्रासारखं केलेलं. नमुना होता तो. तुमी प्यालात."

त्रिंबक, म्हणजे दुकानदाराचा पोरगा, कानापर्यंत लाल. बीडच्या त्या उन्हाळ्यात नळ कोरडे, समोर पाणी दिसलं की हात आपोआप जायचा.

शिवकन्याचा जीव मात्र टांगणीला. शिरूरला घरी तिची खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात दोन केशरी मासे. टँकरचा थेंब घेतला नव्हता तिनं. दूध संघाच्या, दूध थंड करायच्या चिलिंगच्या पाइपातून ठिबकणारं पाणी साठवून, मीठ कालवून भरलेली. पण काचेवर पांढरे ठिपके वळवळायला लागले. अन् तिचे बाबा, संघाचे चेअरमन सर्जेराव, म्हणाले, "आधीच पाण्यावरून लोक नावं ठेवतेत, त्यात हे किडे. संध्याकाळी टाकी ओतून देतो." म्हणून किडे कसले ते बघायला ती मायक्रोस्कोप घ्यायला आलेली.

"हा घ्या," त्रिंबकनं उंच मायक्रोस्कोप पुढं केला. "हजार पट दिसतंय."

"काचेखाली चिरडून? मला जिवंत बघायचंय. तो दोन डोळ्यांचा काढा."

"पण बघणार काय? पाणी तर..." तो थबकला. हातातल्या निळ्या झाकणात चार थेंब होते. त्यानं झाकणच भिंगाखाली ठेवलं.

ती वाकली... अन् हसली. "कोपेपॉडची मादी हाय, झिंग्याच्या जातीचा बारका जीव. शेपटीशी अंड्याच्या दोन पिशव्या. माशांचा खाऊ हाय हा, रोग न्हाई." मग हळूच, "डोळा एकच हाय तिला. तरी तुमच्यापेक्षा बरं बघत असंल."

"मी बघतोय की मघापासून," तो म्हणाला. झाकणाकडं न बघता.

'घरी बसवून देतो' म्हणत तो मायक्रोस्कोप घेऊन शिरूरला आलाच. सर्जेराव लई वेळ भिंगावर वाकून राहिले. जन्म गोठ्यात गेलेला माणूस.

"गाभण हाय की ही," ते पुटपुटले. "गाभण जनावर काय घराबाहेर काढायचं? राहू दे टाकी."

शिवकन्यानं त्रिंबकला पाण्याचा तांब्या दिला. तो आत डोकावून बघत राहिला.

"गोड हाय ना?"

"पिऊन बघा."

"अन् रोज विचारायला आलो तर?"

ती टाकीकडं वळली. काचेत तिचं हसू त्याला दिसत होतं. "या... पण आधी विचारायचं, मग प्यायचं."