नळी बदललेली रायफल

शनिवारी दुपारी मर्ल स्ट्राउड आपल्याच कुंपणापाशी मरून पडलेला सापडला. छातीतून गोळी आरपार गेली होती. शेजारी बर्फात त्याची रायफल होती आणि तिच्यात उडवलेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी.

शेरीफने निकाल तिथेच लावला. "तार ओलांडताना चाप ओढला गेला. म्हातारा झाला होता."

डेप्युटी इंगा टॉलिफ्सन शेजारी उभी होती. तिची एकसष्टी झाली होती, गुडघे बोलत होते आणि मॉन्टानातल्या या डोंगराळ भागातले असे अपघात तिने पुष्कळ पाहिले होते. पण मर्लने तीस वर्षं गावातल्या पोरांना बंदूक कशी सांभाळायची ते शिकवलं होतं. इंगाच्या दोन्ही मुलींनाही.

आणखी एक गोष्ट होती. मर्लच्या खिशात एकही काडतूस नव्हतं. ट्रकमध्येही नव्हतं.

बुधवारी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. पुंगळीच्या बुडावर रायफलची टोचणी आपटून उठलेली खूण मर्लच्याच रायफलची होती. पुंगळी टू-सेव्हन्टी मापाची, नळीवरचा मापाचा शिक्काही टू-सेव्हन्टीचा. गोळी नदीच्या बाजूला कुठेतरी गेली, ती काही मिळाली नाही.

"मिटव आता फाईल," शेरीफ म्हणाला.

इंगा सह्या घ्यायला मर्लच्या बायकोकडे, अल्माकडे गेली. अल्माने कॉफी ओतली, पण स्वतः घेतली नाही.

"दुकानात बायका कुजबुजतात," ती म्हणाली. "दुसऱ्याला शिकवायचा अन् स्वतः असा मेला, म्हणतात."

"तो शिकारीला निघाला होता का?"

"छे! कुंपण दुरुस्त करायला. रायफल ट्रकमध्येच टांगलेली असायची, रिकामी. काडतुसं घरात ठेवायचा. ही बघ." अल्माने ओट्याखालचा खण ओढला.

इंगाने डबी उघडली. काडतुसं जाडजूड तोंडाची होती. टू-सेव्हन्टीची गोळी पेन्सिलीएवढी बारीक असते. ही जवळजवळ करंगळीएवढी होती.

"ही कुठल्या बंदुकीची?"

"त्याच रायफलची की. आर्विडकडे दुरुस्तीला दिली होती ना महिनाभर. गेल्या आठवड्यात, मंगळवारी घेऊन आला."

"त्याला काडतुसं भरून देणाऱ्या रॉयला हे माहीत होतं?"

"रॉय व्हेस्टलला? सप्टेंबरपासून दोघं एका टेबलावर बसले नाहीत. काय झालं ते मर्लने सांगितलं नाही. सोमवारी वन्यजीव खात्याच्या कचेरीत जाणार होता, एवढं बोलला."

बंदुका दुरुस्त करणारा आर्विड आपल्या शेडमध्ये लेथवर वाकला होता.

"नळी आतून झिजली होती गं," तो म्हणाला. "पण बापाची रायफल, नळी फेकवेना. मग तीच आतून मोठी कोरली. पस्तीसचं माप. बोल्ट तोच, टोचणी तीच."

"शिक्का का नाही बदललास?"

आर्विडने चष्मा काढला. "बदलायलाच हवा होता. तो म्हणाला, आधी चार गोळ्या मारून बघतो. मी ऐकलं. माझी चूक."

इंगा ट्रकमध्ये येऊन बसली. मर्ल सोमवारी काय सांगायला जाणार होता, हे शोधायला तिने वन्यजीव खात्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रॉय व्हेस्टलकडे गेली. रॉय शिकाऱ्यांना डोंगरात नेणारा वाटाड्या. मर्लचा चाळीस वर्षांचा दोस्त, आणि इंगाचाही. तो टेबलापाशी बसून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत होता.

"ये, इंगाबाई! अजून निवृत्त नाही केलं तुला?"

"उन्हाळ्यात. मर्लची काडतुसं तूच भरायचास ना?"

"मग काय तो भरणार? दारू मोजताना शिंकायचा लेकाचा."

"त्याच्या रिकाम्या पुंगळ्या?"

"वेचून डब्यात आणून द्यायचा. मलाच."

"हल्ली कुठल्या मापाच्या?"

"हल्ली म्हणजे? टू-सेव्हन्टी. मरेपर्यंत तीच."

इंगाने पिशवीतून मर्लची रायफल काढली. बोल्ट बाहेर ओढला. टेबलावरची टू-सेव्हन्टीची एक सुटी गोळी उचलून नळीच्या तोंडात सोडली. गोळी खळखळत खाली आली आणि मागून तिच्या तळहातावर पडली.

इंगाने गोळी टेबलावर परत ठेवली.

"नळी मोठी कोरलीय, रॉय. गेल्या आठवड्यात, मंगळवारी घरी आली. आता यातून टू-सेव्हन्टीचं काडतूस उडवलं असतं, तर पुंगळीचं तोंड फाटून पसरलं असतं. सापडलेल्या पुंगळीचं तोंड अरुंद आहे, नीट गोल. म्हणजे ती नळी बदलायच्या आधी उडवलेली. खूण मर्लच्या टोचणीची, पण जुनी. तशा पुंगळ्या फक्त तुझ्या डब्यात आहेत."

"कोणीही उचलली असेल."

"उचलणाऱ्याला नळी बदलल्याचं माहीत नव्हतं. अल्माला होतं, आर्विडला होतं. तू आत्ताच म्हणालास, मरेपर्यंत तीच. तू त्याला तुझ्या रायफलीने मारलंस. मग ट्रकमधून त्याची काढलीस, शिक्का वाचलास आणि त्याच मापाची पुंगळी आत सरकवलीस."

"मी कशाला मारू मर्लला?"

"आज पहाटे वन्यजीव खात्याच्या लोकांनी तुझ्या वरच्या छावणीतल्या मिठाच्या गोण्या हलवल्या. खाली पट्टा निघाला. खातं माग ठेवायला गळ्यात बांधतं तो, रेडिओचा. पिलं असलेल्या, मारायला बंदी असलेल्या अस्वलिणीचा."

रॉयने हातातली पुंगळी हळूच खाली ठेवली.

"ती अंगावर आली होती," तो म्हणाला. "म्हणून मारलं. नंतर पिलांनाही... मर्लला पट्टा दिसला. म्हणाला, तू जाऊन सांग, नाहीतर मी सांगतो. दोन महिने वाट पाहिली त्याने. परवाना गेला असता. तुरुंगही. या वयात मी दुसरं काय करणार, इंगा?"

"पुंगळी खिशात घेऊन गेला होतास."

विनवायला गेलो होतो, असं म्हणायची सोय रॉयला त्या पुंगळीने ठेवली नव्हती.

त्याने खेचरांना चारा टाकून येऊ का, असं विचारलं. इंगा सोबत गेली. गवताचा गठ्ठा त्याच्याने उचलेना, तेव्हा तिने दुसरं टोक धरलं. मग तिने त्याला बेड्या घातल्या.

दुपारी अल्माने सगळं उभ्यानेच ऐकलं. रॉयचं नाव ऐकून तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्हणजे त्याचा हात चुकला नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"हे दुकानात तू सांग, इंगा. माझ्याने होणार नाही."

इंगाने टोपी उचलली आणि दुकानाकडे चालू लागली.