संध्याकाळची पापणी

“झाला, सुरू झाला वहिनीचा संध्याकाळचा प्रयोग!”

नणंदेचं हे वाक्य जेवणाच्या टेबलावर आदळलं, तेव्हा वहिनीचा घास तोंडातच थांबला होता. जबडा चालेना. डावी पापणी मिटत आलेली... ती बोटानं वर धरून वहिनी कसंबसं म्हणाली, “पाणी दे गं...” आवाज नाकातून आला, अडखळत. नणंदेनं लगेच आपलीही पापणी बोटानं उचलली आणि हुबेहूब सूर काढला, “पाणीऽ दे गंऽ!”

नवरा खो खो हसला. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं! गावभरच्या डोळ्यांची पारख करणाऱ्या या तज्ज्ञाला शेजारच्या खुर्चीतली पापणी तेवढी दिसत नव्हती.

सासू गेल्यावर शाळेतली नोकरी सोडून जिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं, तीच ही नणंद... वहिनीला रडावंसं वाटलं; पण संध्याकाळी रडण्याचंही बळ उरत नसे.

डॉक्टरांना दाखवलं नव्हतं असं नाही. नवरा दर वेळी दुकान उघडण्याआधी, सकाळीच न्यायचा. आदल्या दिवशी तिला सक्तीची विश्रांती, कारण चारचौघांत शोभा नको! ताजीतवानी होऊन ती डॉक्टरांपुढे खणखणीत बोलायची. मग घरचा निकाल ठरलेला : कामचुकार.

“या खेपेला काही निघालं नाही, तर माहेरी भावाकडे जायचं. कायमचं,” नवऱ्यानं बजावलं आणि पहाऱ्याला बहीण दिली.

पण नव्या डॉक्टरीणबाई तातडीच्या रुग्णात अडकल्या, आणि बाकावर बसून बसून संध्याकाळ झाली.

“एकापासून मोठ्यानं मोजा,” बाई म्हणाल्या. विसाच्या पुढे वहिनीचा आवाज नाकात गेला, विझत गेला.

“सवय आहे तिला,” नणंद फणकारली.

बाईंनी मिटलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी धरली, थोड्या वेळानं काढली. पापणी वर गेली होती!

“हे सोंग नाही,” बाई म्हणाल्या. “मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, शरीर स्वतःच तो अडवतं. म्हणून दिवस कलला की शक्ती जाते, विश्रांतीनं परत येते. रक्त तपासू, छातीचा स्कॅन करू. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो. पण गिळता येईना किंवा श्वास अडला, तर तडक दवाखाना! यांना कायम सकाळीच का आणत होता?”

नणंदेनं घरी येऊन तोच प्रश्न भावाला विचारला.

“मला कसं कळणार? मी काय डॉक्टर आहे?” घरी नवरा म्हणाला आणि स्वतःचा चष्मा पुसत बसला.

नणंदेनं भात मऊ कालवला, चमचा पुढे केला आणि तिचा बांध फुटला. “वहिनी... आईच्या जागी होतीस गं तू... आणि मी...!”

वहिनीनं बोटानं पापणी वर धरली. नणंदेकडे पाहिलं.

“खरंच रडतेस... की तुझाही प्रयोग सुरू झाला?”

नणंदेनं चमचा मागे घेतला नाही.

मग वहिनीनं घास घेतला. पापणीवरचं बोट काढून तो हात नणंदेच्या डोक्यावर ठेवला. पापणी मिटली; तिनं मिटू दिली.