एकतीस हजार फुटांवरून

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. भालचंद्र निमकर कलकत्त्यातल्या आमच्या गार्डन रीचच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचा. विमान खात्यात रेडिओ ऑपरेटर, नागपूरहून बदलून आलेला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. त्याने मला हे सगळं दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा भर उन्हात, गच्चीवर. मी रात्री सांगतोय, ही माझी चूक. शैला, ती खिडकी लाव बघू.

शुक्रवार होता. चौदा डिसेंबर, एकोणीसशे त्र्याहत्तर.

भालचंद्रला त्या दिवशी सुट्टी. पण शहराबाहेर, बजबज गावाच्या पुढे शेतात खात्याचं एक केंद्र होतं, तिथे रेडिओचा एक सुटा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, पोचवायचा होता. समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा रेडिओवरचा आवाज फार दुरून, फार बारीक येतो. शहराची खरखर त्यात मिसळू नये म्हणून असं केंद्र गावाबाहेर बांधतात. बैठं घर, भोवती उंच खांब आणि तारा, बाकी नुसतं रान.

"जेवायला येणार ना?" त्याच्या बायकोने, नलिनीवहिनींनी विचारलं.

"आठच्या आत घरात," म्हणाला, आणि व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून लोकलने गेला.

तिथे पाहतो तर ड्युटीवरचे हाजराबाबू तापाने फणफणलेले. बदली माणूस सकाळीच येणार. त्यांना अशा अवस्थेत एकटं टाकून कसा निघणार? भालचंद्रने त्यांना मागच्या खोलीत झोपवलं, दोन घोंगड्या घातल्या, खाली आमच्याकडे फोनवर निरोप ठेवला आणि हेडफोन कानाला लावून स्वतः खुर्चीत बसला.

रात्री बारापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी रेडिओ बसला. यंत्र ठणठणीत होतं. आकाशातच कधी कधी काहीतरी बिनसतं आणि दूरचे आवाज पोचेनासे होतात. भालचंद्रने हे पूर्वी पाहिलं होतं. एकामागून एक सगळ्या लहरी फिरवून पाहिल्या. नुसती सूंऽऽ.

त्या वेळी सिंगापूरहून एक विमान बंगालच्या उपसागरावरून कलकत्त्याकडे येत होतं. एकतीस हजार फुटांवर. आणि कलकत्त्याहून नुकतंच सुटलेलं दुसरं विमान समोरून त्याच वाटेने निघालं होतं, अठ्ठावीस हजारांवर. त्याला एकतीस हजारांच्याही वर जायचं होतं. खाली वारा फार, इंधन जास्त जळत होतं.

फोन वाजला. विमानतळावरून मित्रबाबू, त्या रात्रीचे कंट्रोलर.

"निमकरबाबू, सिंगापूरवाला काही बोलला? तो एकतीस हजार सोडून याच्याही खाली उतरला असेल तर मी याला वर पाठवतो. दर दोन मिनिटांनी मागतोय."

"नाही, साहेब. अजून काही नाही."

"आला की लगेच सांगा. तुमच्या शब्दावर थांबलोय."

भालचंद्र हाका मारत राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सूंऽऽ.

एक बत्तीसला आवाज आला.

स्वच्छ. अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. इंग्रजीत, वैमानिकाच्या ठरलेल्या पद्धतीने. आधी विमानाचं नाव, बरोबर. मग जागा, तीही बरोबर. "एकतीस हजार सोडलं. अठ्ठावीसच्याही खाली गेलो. खाली येतोय."

भालचंद्रचा जीव भांड्यात पडला. त्याने फोनकडे हात नेला... आणि तसाच ठेवला.

मागे खरखर नव्हती. इंजिनाची घरघर नव्हती. आवाजाच्या मागे काहीच नव्हतं.

त्याने विचारलं, "पुन्हा सांगा. आता उंची किती?"

शांतता.

"उंची सांगा."

"खाली येतोय."

"किती फुटांवर आहात?"

मग तोच आवाज. पण आता मराठीत.

"सांग ना त्यांना... भालू."

भालू हे त्याचं घरातलं नाव. आई हाक मारायची. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती. कलकत्त्यात ते नाव कुणालाही ठाऊक नव्हतं. नलिनीवहिनींनासुद्धा.

त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"कोण बोलतंय?"

"सांग ना. वाट मोकळी आहे म्हणावं..."

"कोण आहात तुम्ही?"

"आम्ही केव्हाच खाली आलोय, भालू."

एकाचा नव्हता तो आवाज. पुष्कळ जण एकदम बोलत होते. हळू. एका सुरात.

त्याने हेडफोन ओरबाडून टेबलावर टाकला.

फोन वाजला.

"आला का तो? बोला लवकर!"

टेबलावर हेडफोन कुजबुजत होता. सांग ना. सांग ना.

"निमकरबाबू?"

"नाही," भालचंद्र म्हणाला. "कुणीही बोललेलं नाही. साहेब, काही झालं तरी त्याला वर जाऊ देऊ नका. पाया पडतो तुमच्या."

मित्रबाबू म्हणाले, "ठीक. अठ्ठावीसवरच ठेवतो."

कुजबुज थांबली.

मग, अगदी बारीक...

"बरं. पुन्हा विचारू."

दोन वाजून सहा मिनिटांनी मित्रबाबूंचा फोन आला. सिंगापूरचं विमान विमानतळाच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर आलं होतं. तासभर त्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यांचं बोलणंही कुणाला पोचत नव्हतं. उंची त्यांनी मुळीच सोडली नव्हती. दोन्ही विमानं एकमेकांना ओलांडून गेली तेव्हा ते एकतीस हजारांवरच होते.

"तुम्ही हो म्हणाला असता तर..." एवढं बोलून मित्रबाबूंनी फोन ठेवला.

भालचंद्रने दिवा विझवला नाही. हेडफोनला हातही लावला नाही. हाजराबाबूंच्या उशाशी भिंतीला टेकून बसून राहिला.

सकाळी हाजराबाबूंचा ताप उतरला. बाहेर येऊन त्यांनी सवयीने हेडफोन कानाला लावला.

"निमकरबाबू, उजव्या बाजूने काहीच ऐकू येत नाही की हो."

त्यांनी पेचकस घेतला. झाकण फिरवून उघडलं. आणि दोघेही नुसते बघत राहिले.

समुद्र तिथून पन्नास-साठ मैल.

आत वाळू ठासून भरली होती. बारीक, काळसर. आणि ओली.